बारव मोजायला कोणता लेझर घ्यावा?

परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव त्रिमितीत उतरवायची, तीही कॉलेजच्या प्रोजेक्टच्या पैशांत, असं भाच्यानं मनावर घेतलंय. परभणीहून फोन आला, "मामा, टीएफ-लुना घेऊ का आरपीलिडार ए-१?"

दोन्ही लेझरनं अंतर मोजणारी छोटी यंत्रं. लुना साधारण दोन-तीन हजारांत येतो, ए-१ला त्याच्या तिप्पट-चौपट पडतात. साहजिकच त्याचं मन लुनावर बसलं होतं. खोक्यावर ८ मीटर पल्ला लिहिलाय, बारवेला अजून काय पाहिजे? पण तो पल्ला पांढऱ्या भिंतीसाठी. जेमतेम दहा टक्के प्रकाश परतवणाऱ्या काळ्या पृष्ठभागावर तोच अडीच मीटरवर येतो, आणि आपल्या बारवा काळ्या बेसाल्टच्या. शिवाय लुनाची नजर २ अंशांची, म्हणजे ५ मीटरवर तिचा ठिपका सुमारे १७ सेंमी रुंद होतो. पायरीची धार त्यात गोल होऊन जाते. तो एका वेळी एकच बिंदू मोजतो. एकेका अंशानं अर्धगोल पिंजायचा तर ३२,४०० बिंदू; सेकंदाला १०० धरले तरी साडेपाच मिनिटं. वेळेचं सोडा, धारच गेली तर उरलं काय?

ए-१ गरगर फिरत एका पातळीतलं सगळं टिपतो. त्याची रीत त्रिकोणाची: लेझर एका बाजूला, कॅमेरा थोडा बाजूला, आणि ठिपका किती सरकला त्यावरून अंतर. इथं खोट अशी की अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. त्यामुळं खोक्यावरच्या १२ मीटरवर विसंबू नये, भिंत चार-पाच मीटरच्या आत राहील अशा जागा बदलत मोजावं. थेट ऊन त्याला सोसत नाही. आपल्याकडचं उन्हाळी ऊन तर माणसालाही सोसत नाही, तेव्हा काम दिवस उगवायच्या आत.

मी ए-१च घे म्हणालो. त्याची मोजायची पातळी उभी राहील असा कडेवर बसवून स्टेपर मोटारीवर, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटारीवर, सावकाश फिरवायचा. स्वस्तातली सर्व्हो (गिअरवर ठरलेल्या कोनात वळणारी मोटार) नको; गिअर एक अंश जरी ढिला असला तरी ५ मीटरवर ९ सेंमीचा घोळ. वाचवायचे ते पैसे दुसरीकडं वाचव.

आणि पाणी आटलेलं असतानाच जा. पाण्यावरून लेझर नीट परतत नाही, कधी समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब मोजून खाली नसलेल्या पायऱ्या दाखवतो. टेप सोबत ने, दोन-चार पायऱ्या हातानं मोजून ताडून बघ.