डाकोटाचं पेंट किट: पत्रा झकास, पण चमक आधीच फासलेली

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. दिवसभर गाड्या रंगवतो आणि रात्री जेवण झालं की विमानं. संगणकातली अर्थात. फ्लाइट सिम्युलेटर २००४ पासून हा नाद आहे. त्या काळी चमक आणायची म्हणजे टेक्स्चरच्या, म्हणजे विमानावर गुंडाळायच्या चित्राच्या, अल्फा चॅनेलमध्ये (लाल, हिरवा, निळा सोडून चौथा, न दिसणारा थर) करडा रंग भरायचा. जितका काळा तितका आरसा. सगळं विमान एकाच मापानं चकाकायचं, टायरसुद्धा. एकदा माझ्या विमानाची चाकं स्टीलच्या वाटीसारखी झळकत होती आणि मी आठवडाभर तसाच उडवत होतो.

आता मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरसाठी डीसी-३, म्हणजे आपला डाकोटा, घेतला आणि त्याच विक्रेत्याचं पेंट किट, म्हणजे विमान आपल्या मनासारखं रंगवायच्या कोऱ्या फाइली, वेगळे बाराशे रुपये मोजून घेतलं. विक्रेत्याचं नाव सांगत नाही, माणूस बरा आहे, मेलला उत्तर देतो. डाकोटाच का, तर रंग न मारलेल्या नागड्या ॲल्युमिनियमचं विमान रंगवणं हीच खरी परीक्षा. पांढऱ्या विमानात चुका लपतात, पत्र्यात नाही.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीला सिल्व्हरचा बेस कोट मारून सुकला की ती मेल्यासारखी दिसते. गिऱ्हाईक घाबरतं, ‘दादा, हा रंग नव्हता सांगितला.’ क्लिअर कोट बसला की तोच रंग बोलायला लागतो. इथंही तसंच आहे. अल्बेडो नावाच्या फाइलमध्ये नुसता रंग असतो. चमक असते कॉम्प नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल डोळ्यांनी बघितली तर होळीनंतरच्या शर्टासारखी दिसते. तिच्या लाल चॅनेलमध्ये खाचाखोचांतला अंधार, हिरव्यात खरखरीतपणा, निळ्यात धातू आहे की नाही ते. प्रत्येक चॅनेलचं माप शून्य ते २५५. हिरवा शून्याकडे गेला की आरसा, २५५ कडे गेला की खडू. निळ्यात मात्र मधलं काही ठेवायचं नाही. पत्रा असेल तर २५५, रंग असेल तर शून्य. अर्धवट धातू असा प्रकार गॅरेजमध्ये नसतो, इथंही नको.

किटमधली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पॅनेलचा मास्क, म्हणजे हवा तेवढाच भाग निवडायला दिलेलं चित्र. विमानाचा प्रत्येक पत्रा वेगळ्या सपाट रंगात दाखवलाय, त्यामुळं जादूच्या कांडीनं, म्हणजे एका रंगाचा भाग एका क्लिकमध्ये निवडणाऱ्या हत्यारानं, एकेक पत्रा निवडता येतो. खरा डाकोटा जवळून बघितलात तर दोन शेजारचे पत्रे कधीच सारखे चमकत नाहीत. एक घासलेल्या पातेल्यासारखा, दुसरा धुरकट. मी हिरव्या चॅनेलमध्ये पत्र्यागणिक पाच-सात आकड्यांचा फरक ठेवला. एक ४८, शेजारचा ५४, दाराभोवती हात लागून लागून मळतो तिथं ७०. इंजिनामागं एक्झॉस्टचा पट्टा १८० च्या पुढं. एवढ्यानंच विमानाला वजन आलं. हे काम ४०९६ बाय ४०९६ च्या फाइलवर जिम्प या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करताना माझा जुना संगणक धापा टाकतो, तो दोष किटचा नाही.

आता तक्रार. अल्बेडोच्या थरात धडाच्या पाठीवर एक पांढरी झळाळी आधीच रंगवून ठेवलीय आणि पोटाकडं सावली. जुन्या सिम्युलेटरमध्ये हे चालायचं, कारण तिथं खरं प्रतिबिंब धड पडायचंच नाही. आता तो घात आहे. धातूच्या बाबतीत अल्बेडोचा रंग हाच प्रतिबिंबाचा रंग असतो, त्यामुळं तिथं काळं केलं की प्रतिबिंबही काळवंडतं. चांगल्या ॲल्युमिनियमला २४५ च्या आसपासचा जवळजवळ पांढरा लागतो. मी उजळाईवाडीच्या धावपट्टीवर संध्याकाळी विमान उभं केलं, सूर्य पश्चिमेला खाली. शेपटीजवळ लाल झाक पडली, फार सुंदर, आणि पाठीवर मात्र भर दुपारची पांढरी रेघ जशीच्या तशी. रेडिओवर कोणी दोन गाणी एकदम लावावीत तसं. तो थर बंद करता येईल म्हणावं तर तो रिव्हेटच्या थरात मिसळलेला. दोन रात्री गेल्या वेगळा करायला.

दुसरं, कॉम्प फाइल थर न ठेवता एकसपाट दिलीय. मी खिडक्यांखाली लाल पट्टा मारला, अल्बेडोत छान दिसला, सिम्युलेटरमध्ये उघडला तर चॉकलेटची चांदी! कारण निळ्या चॅनेलमध्ये तिथं अजून पत्राच होता. पट्ट्याचा मास्क तिथं नेऊन शून्य केला, कडेला एखाद-दोन पिक्सेल मऊ ठेवले, तेव्हा कुठं एनॅमल वाटलं. मास्किंग टेप काढल्यावर कड जशी हलकी उठते ना, ती नॉर्मल नावाच्या, उंचवटे-खाचा दाखवणाऱ्या फाइलमध्ये एक बारीक रेघ मारून आणली. हे कुणाला दिसणार नाही, मला दिसतं.

सोबतच्या तीन पानी माहितीपत्रात यातलं काही नाही. लेआउट फाइल, म्हणजे सगळ्या फाइलींची यादी, पुन्हा बनवल्याशिवाय नवीन टेक्स्चर सिम्युलेटरला दिसतच नाही, हेही नाही. नवख्या पोराला वाटेल आपलंच चुकलं. आणि डावा-उजवा पंख एकाच चित्रावर बेतलेत हे तर सांगायलाच हवं होतं. मी हौसेनं पंखाखाली मोठ्या काळ्या अक्षरांत व्हीटीनं सुरू होणारा नोंदणी क्रमांक टाकला, आणि दुसऱ्या बाजूला तो आरशातला उमटला. विक्रेता म्हणाला, मॉडेलच तसं आहे, इलाज नाही.

पाचपैकी साडेतीन. पॅनेलच्या मास्कसाठी घ्या, तेवढ्यातच पैसे वसूल आहेत. अल्बेडो मात्र पहिल्या दिवशीच धुऊन काढा, वॉटर पेपर मारल्यासारखा. पंखाखालचा नंबर मी पुसलाय. शेपटीवर गॅरेजचं नाव आहे, ते दोन्ही बाजूंनी सुलट येतं.