कान्होजी आंग्रे समाधी, अलिबाग : खान्देशातून जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडचे लोक अलिबागला जातात बीच आणि फोटोसाठी, समाधीचं नाव पण काढत नाहीत. आम्ही जळगावहून ज्या टूरने गेलो त्यांच्या लिस्टमध्ये हे नव्हतंच, विचारलं तर म्हणे तिथे काय बघायचं भो, दहा मिनिटाचं काम आहे! मग मी आणि मोठा भाऊ बाकीच्यांना नाश्त्याला सोडून रिक्षा करून गेलो.

जागा गावातच आहे, बाजाराच्या गर्दीत. दगडी समाधी, आजूबाजूला आंग्रे घराण्यातल्या इतरांच्या समाध्या. भव्य वगैरे नाही, लाईट शो बघायला जाल तर निराश व्हाल. पण माणूस कोण होता ते वाचून गेलात तर पाय निघत नाही. मराठ्यांचे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, ज्यांचा दस्तक म्हणजे परवाना घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावर जहाज नेलं तर धरलं जायचं, मग ते इंग्रजांचं का असेना. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यावर आले तरी किल्ला पडला नाही. १७२९ च्या जुलैमध्ये सरखेल गेले. आज मुंबईत नौदलाच्या तळाला आयएनएस आंग्रे नाव आहे, आणि त्यांच्याच गावात येऊन आपण नुसती पाणीपुरी खाऊन परत येतो, काय बोलावं.

माझं मत, आधी समाधी करा आणि मग कुलाबा किल्ला, म्हणजे किल्ल्यात नुसत्या भिंती दिसत नाहीत. किल्ल्याला ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडी. वेळ हॉटेलवाल्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवा, आपल्याला तापीच्या पुराचा अंदाज असतो, समुद्राचा नाही. आत राघोजी आंग्रेंनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि तटावर चाकाच्या गाड्यांवर दोन इंग्लंडच्या तोफा, पोरं तिथून हलत नाहीत.

जायला रेल्वेने मुंबई, गेटवेहून मांडव्याची लाँच आणि पुढे बस, सगळ्यात सोपं. पावसाळ्यात त्या लाँच बंद असतात, तेव्हा एसटी किंवा भाऊच्या धक्क्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) चालू आहे का बघा.

समाधीला पाचपैकी चार, टूरला एक. आणि घरात कोणी शाकाहारी असेल तर चटणी-ठेचा सोबत घ्या, शेवभाजी मिळेल या आशेवर राहू नका.