उन्हाळ्याच्या कुंडीत काय लावावं: चिनी गुलाब की सदाफुली?

मार्च सरला की गच्चीवरचा पिटुनिया वाळतो आणि रिकाम्या कुंड्या डोळ्यांना खुपतात. पुण्यात पारा ४० च्या घरात असताना मी दोनच झाडं निर्धास्तपणे लावते.

चिनी गुलाबाला ‘ऑफिस टाइम’ही म्हणतात, कारण ऊन चढल्यावर फुलं उमलतात आणि दुपारनंतर मिटतात. मांसल पानांत पाणी साठतं, म्हणून ६ इंच खोलीची पसरट कुंडीही पुरते. बोटभर फांदी खोचली की मूळ धरते, त्यामुळे शेजारणीकडून चार रंग मागून आणले तरी अख्खा कठडा भरतो. ऊन मात्र कडकच हवं. सावलीत नुसत्या फांद्या लांबतात.

सदाफुली मूळची मादागास्करची. तिची फुलं संध्याकाळीही उघडी असतात, म्हणून कामावरून अंधार पडताना घरी येणाऱ्यांना मी हीच सुचवते. अर्ध्या दिवसाच्या उन्हावरही ती फुलते. कुंडी ८-१० इंच खोल घ्या आणि तळाचं भोक मोकळं आहे ना, ते नक्की बघा. नर्सरीतली ठेंगणी संकरित रोपं फार नाजूक असतात. माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात, रोप मान टाकतं, आणि पाणी कमी पडलं असं समजून आपण आणखी ओततो! गावठी गुलाबी सदाफुली त्यामानाने चिवट. पानं विषारी असल्याने रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

माझ्याकडे पश्चिमेच्या तापल्या कठड्यावर चिनी गुलाब आणि दारापाशी सदाफुली असते.