कॉइल बदलल्याचे पैसे घेतले, कॉइल जागची हललीच नव्हती

डाळिंबावर तेल्या पसरतो तो ढगाळ, भुरभुर पावसाच्या हवेत. नेमका तेव्हाच फवारणीचा एचटीपी पंप बंद पडला की शेतकरी समोरचा मागेल तेवढे पैसे मोजतो. सोलापुरातल्या एका रिपेअरिंगवाल्याला हे पक्कं ठाऊक आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, पद्धत लिहितो.

आमच्या एचटीपीला साडेपाच एचपीचं फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे. दोरी ओढली की फिरायचं, पण फायर होईना. धाकटा भाऊ टेम्पोत टाकून घेऊन गेला. मेकॅनिकनं प्लग काढून बॉडीला टेकवला, दोरी ओढली. ठिणगी नाही. "मालक, कॉइल गेली बघा. मॅग्नेटपण उतरलाय. ठेवून जावा, संध्याकाळी या." कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग. ठिणगी बघण्यापर्यंत तपासणी बरोबरच होती. संध्याकाळी चिठ्ठी हातात: कॉइल, प्लग, मॅग्नेट चार्जिंग, ऑइल, मजुरी, मिळून ३,८०० रुपये. जुनी कॉइल मागितली तर म्हणे भंगारात गेली. इंजिन मात्र पहिल्या दोरीला चालू.

पुढच्या फवारणीत ते तापून खडखडायला लागलं. मोहोळच्या गॅरेजात काम करणारा चुलतभाऊ घरी आला होता, त्यानं आधी ऑइल मोजायची डिपस्टिक काढली. टोकाला जेमतेम लागलेलं, काळंकुट्ट ऑइल. मग कव्हर उतरवलं. कॉइलच्या बोल्टावर कुंभारीण माशीचं मातीचं घर, वाळून दगड झालेलं, जसंच्या तसं. ते फोडल्याशिवाय त्या बोल्टाला पाना लागणंच शक्य नाही! खाली ऑइल सेन्सरची वायर तेवढी कापून टेप गुंडाळलेली.

अशा इंजिनात ऑइल कमी झालं की सेन्सर कॉइलची वायर बॉडीला जोडून अर्थिंग करतो आणि ठिणगी थांबते. बंद करायचा स्विचही हेच करतो. आमच्या ड्रेन बोल्टातून ऑइल झिरपत होतं, सेन्सरनं आपलं काम चोख केलं, आणि या गड्यानं त्यालाच तोडलं. अजून थोडं चाललं असतं तर पिस्टन जाम. पैशापेक्षा जास्त राग मला याचा आहे.

तर कुणी "कॉइल गेली" म्हणालं की आधी इंजिन सपाट जागी ठेवून ऑइल बघा. तिरक्या गाड्यावर ऑइल असूनही सेन्सर ठिणगी तोडू शकतो. मग कॉइलकडून स्विचला जाणारी बारीक वायर कनेक्टरपाशी सोडवा आणि चांगला प्लग टोपीत घालून इंजिनाच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते. दोरी ओढा. निळी ठिणगी पडली तर कॉइल ठणठणीत. दोष स्विच, वायर नाहीतर सेन्सरकडे. नाहीच पडली तर कॉइल आणि फ्लायव्हील, म्हणजे दोरीनं फिरणारं जड चाक, यांच्यातली फट तपासा, साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची हवी. त्या चाकावरच्या मॅग्नेटजवळ स्क्रू ड्रायव्हर न्या. तो जोरात खेचला गेला तर चार्जिंगचे पैसे कशाचे? वायर परत जोडायला विसरू नका, नाहीतर इंजिन स्विचनं बंद होणार नाही.

आम्ही दुकानात जाब विचारला. "इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नसते," एवढंच उत्तर. कॉइल घातलीच नाही, गॅरंटी कसली? ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तर पहिला प्रश्न पक्क्या बिलाचा. आमच्याकडे होती वहीच्या पानावरची चिठ्ठी, ना शिक्का, ना जीएसटी नंबर.