आधी एफ११ दाबा: लिब्रेऑफिससोबतची माझी काही वर्षं

मध्यंतरी एक प्रबंध आला. २१२ पानं, दोन दिवसांत सरळ करून हवा होता. माझं कामच ते. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रबंध, अहवाल घ्यायचे आणि छापण्याजोगे करून द्यायचे. फाइल उघडली की मी मजकूर वाचत नाही, आधी कंट्रोल + एफ१० दाबते. एरवी न दिसणारी चिन्हं मग दिसायला लागतात: प्रत्येक रिकाम्या जागेसाठी एक ठिपका, टॅबसाठी बाण, एंटर मारला असेल तिथे परिच्छेदाची खूण. या प्रबंधात दुसरं प्रकरण नव्या पानावर आणायला २३ वेळा एंटर मारलेला होता. मोजले मी. शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार. आणि अनुक्रमणिकेत प्रकरणाच्या नावापासून पान क्रमांकापर्यंत पूर्णविराम टाइप करत नेलेले, क्रमांक एकाखाली एक येईनात म्हणून कुठे एक ठिपका कमी, कुठे दोन जास्त.

हसायचा मला अधिकार नाही. सुरुवातीची तीन वर्षं मीही हेच करत होते. संगणक म्हणजे खोडता येणारा टाइपरायटर, एवढीच माझी समज. तिसऱ्या पानावर चार ओळी वाढल्या की तिथून शेवटपर्यंत सगळी शीर्षकं खाली घसरायची आणि मी रात्री बसून एंटर खोडत आणि वाढवत जायची.

आता मी हे सगळं काम लिब्रेऑफिसमध्ये करते, म्हणून हा लेखाजोखा त्याचाच. ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कुळकथा: जर्मनीतलं स्टारऑफिस सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतलं, पुढच्या वर्षी त्याचा कोड खुला केला आणि त्यातून ओपनऑफिस आलं. २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली तेव्हा काम करणाऱ्यांपैकी बरेच जण वेगळे झाले, त्यांनी डॉक्युमेंट फाउंडेशन काढली आणि लिब्रेऑफिस सुरू केलं. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पत्र-प्रबंधांसाठी रायटर, हिशेबांसाठी कॅल्क. इम्प्रेस, ड्रॉ वगैरेही आहेत, पण मी त्यांच्या वाटेला फारशी जात नाही, त्यामुळे त्यांच्यावर बोलणार नाही.

रायटरमध्ये एकच गोष्ट शिकायला वेळ असेल तर एफ११ शिका. उजवीकडे स्टाइल्सची यादी उघडते. शीर्षक निवडून ठळक करा, आकार वाढवा, मधोमध न्या, हे प्रत्येक शीर्षकाला हाताने करण्याऐवजी त्या ओळीत कर्सर ठेवून कंट्रोल + १ दाबायचं. ओळ ‘हेडिंग १’ झाली. उपशीर्षकाला कंट्रोल + २, साध्या मजकुराला कंट्रोल + ०. मग यादीत ‘हेडिंग १’वर उजवी क्लिक, ‘एडिट स्टाइल’, आणि तिथे एकदाच काय ते ठरवायचं. ‘टेक्स्ट फ्लो’ या पानावर ‘ब्रेक्स’मध्ये ‘इन्सर्ट’ला खूण करून प्रकार ‘पेज’ आणि जागा ‘बिफोर’ ठेवली की प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर जातं. ते २३ एंटर गेले. मार्गदर्शकांनी ऐनवेळी ‘शीर्षकं जरा लहान करा’ म्हटलं तर एकाच जागी आकडा बदलायचा, बाराही प्रकरणं एकदम बदलतात.

सगळी शीर्षकं अशी बांधली की एफ५ कामाला येतं. नॅव्हिगेटर. प्रकरणांची नावं एकाखाली एक दिसतात, नावावर दोनदा क्लिक केलं की तिथे पोचता येतं. पण खरी मजा ओढण्यात आहे. चौथं प्रकरण नॅव्हिगेटरमध्ये धरून तिसऱ्याच्या वर सोडलं की पोटातल्या उपशीर्षकांसकट, तक्त्यांसकट ते अख्खं वर जातं. चाळीस पानं कट करून दुसरीकडे पेस्ट करताना छातीत धडधडायचं, ते थांबलं. अनुक्रमणिकाही मग ‘इन्सर्ट’ मेन्यूतून घालता येते आणि काही हललं तर तिच्यावर उजवी क्लिक करून ‘अपडेट इंडेक्स’. एवढंच.

पण आलेल्या फाइलमधला जुना कचरा काढायचा कसा? कंट्रोल + एच. त्या खिडकीत खाली ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’ नावाची चौकट आहे, तिला खूण करा. आता शोधायच्या जागेत ^$ ही दोन चिन्हं टाका, बदलायची जागा रिकामी ठेवा आणि ‘रिप्लेस ऑल’. सगळे रिकामे परिच्छेद नाहीसे होतात. (पहिलं चिन्ह म्हणजे परिच्छेदाची सुरुवात, दुसरं म्हणजे शेवट, मध्ये काहीच नाही.) नंतर शोधायच्या जागेत एकदा स्पेस आणि लगेच अधिकचं चिन्ह, बदलायच्या जागेत फक्त एक स्पेस. जिथे दोन, पाच, सतरा स्पेस असतील तिथे एकच उरते. त्या २१२ पानांतला निम्मा गाळ या दोन ओळींनी निघाला. काम झाल्यावर त्या चौकटीची खूण काढायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी साधा पूर्णविराम शोधायला जाल आणि तो प्रत्येक अक्षर दाखवत बसेल.

एक सावधगिरी, स्वतःच्या अनुभवातून. कंट्रोल + एम हाताने केलेली सगळी सजावट काढून टाकतं. फार सोयीचं. एकदा मी उत्साहाच्या भरात कंट्रोल + ए करून संपूर्ण प्रबंधावर ते चालवलं. विषय वनस्पतिशास्त्र. प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात असतं, ते सगळं सरळ झालं. माझ्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी, फाइल सेव्ह करून बंद केल्यावर. मूळ फाइल शेजारी उघडून तीनशेच्या वर नावं पुन्हा तिरपी केली. आता मी ते फक्त शीर्षकांवर वापरते, आणि काहीही करण्याआधी आलेल्या फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवते.

वेबपानावरून काही उचलून आणलंत तर त्याचा रंग, फॉन्ट, दुवे सगळं सोबत येतं. साध्या कंट्रोल + व्हीऐवजी कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + व्ही दाबा, नुसता मजकूर येतो. चार बोटं वाकडी करावी लागतात खरी, पण आठवड्याभरात सवय होते.

मराठीत लिहिणाऱ्यांचा हमखास प्रश्न: ‘स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला, इंग्रजी शब्द बदलले, मराठी होतं तसंच.’ बिघाड नाही तो. रायटर देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार लक्षात ठेवतो. टूल्स – ऑप्शन्समध्ये भाषांच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला खूण केली की स्टाइलच्या फॉन्टच्या पानावर दोन जागा दिसतात, एक पाश्चात्त्य लिपीसाठी, एक आपल्यासाठी. दोन्ही भरा. मी दोन्हीकडे सारखा आकार कधीच ठेवत नाही. बहुतेक फॉन्टमध्ये १२ची इंग्रजी अक्षरं आणि १२ची देवनागरी शेजारी ठेवली तर एक मोठं, एक बारकं वाटतं. डोळ्यांना बरं दिसेपर्यंत अर्ध्या-एक पॉइंटने हलवत राहायचं.

आता कॅल्क. इथे मी स्वतःला जाणकार म्हणवणार नाही, पण प्रबंधांसोबत तक्ते येतातच. एका सर्वेक्षणाच्या तक्त्यात वयाची सरासरी मजकुरात एक होती आणि कॅल्क दुसरीच दाखवत होता. सूत्र बरोबर, खाने भरलेले. कंट्रोल + एफ८ दाबलं. या एका कळीने आकडे निळे, सूत्रं हिरवी आणि मजकूर काळा दिसतो. निळ्या रकान्यात अकरा खाने काळे! दिसायला आकडे, पण प्रत्येकाच्या आधी एक अपॉस्ट्रॉफी, म्हणजे कॅल्कच्या लेखी ते शब्द. सरासरी आणि बेरीज असे खाने गुपचूप वगळतात, कसलीही तक्रार करत नाहीत. रकाना निवडून ‘डेटा’ मेन्यूतलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडलं, काहीही न बदलता ओके म्हटलं, आणि अकराच्या अकरा निळे झाले. आता कोणताही तक्ता आला की पहिलं काम हेच.

याच्या उलट रोगही असतो. जे शब्द म्हणून राहायला हवं त्याचा आकडा किंवा तारीख होते. क्रमांकाच्या पुढची शून्यं उडतात. पंधरापेक्षा जास्त अंकांचा क्रमांक असेल तर शेवटचे अंक बिघडतात, कारण स्प्रेडशीट पहिले १५ अंकच नेमके सांभाळतं. हे प्रकरण कुठवर गेलं ते बघा: जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या ह्यूगो समितीने २०२० मध्ये ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा जनुकांची नावंच बदलून ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ केल्याचं जाहीर केलं, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. सॉफ्टवेअर बदलेना, म्हणून माणसाच्या जनुकांनी नावं बदलली. कॅल्कमध्ये सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेल्या रकान्यांची साधी मजकूर-फाइल) उघडताना आधी एक खिडकी येते. बहुतेक लोक न वाचता ओके म्हणतात. म्हणू नका. खाली तक्त्याचा नमुना दिसतो, त्यात रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा आणि प्रकार ‘टेक्स्ट’ निवडा. तारखांच्या रकान्याला दिवस आधी की महिना आधी तेही तिथेच सांगा, नाहीतर ३ एप्रिलचा ४ मार्च कधी झाला ते कळणारसुद्धा नाही.

एक्सेलवरून येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. खान्याच्या आतच खालच्या ओळीवर जायचं तर एक्सेलमध्ये ऑल्ट + एंटर, कॅल्कमध्ये कंट्रोल + एंटर. निवडलेल्या सगळ्या खान्यांत एकच मजकूर भरायचा तर बरोबर उलट. मी जुन्या सवयीने पत्त्याची दुसरी ओळ लिहायला ऑल्ट + एंटर मारला, चाळीस खाने निवडलेले होते, आणि चाळीस जण एकाच घरात राहायला गेले.

नावडतं काय? वर्डच्या फाइलींशी देवाणघेवाण बरी आहे, पण बिनधास्त राहण्याइतकी नाही. समोरच्याकडचा फॉन्ट आपल्याकडे नसला की ओळी वेगळ्या तुटतात आणि पानं हलतात. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया यांच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट घातले तर बराच त्रास वाचतो, कारण त्यांची अक्षरं तेवढीच रुंद आहेत. मी काम चालू असताना फाइल ओडीटीतच, म्हणजे रायटरच्या स्वतःच्या प्रकारातच, ठेवते, वर्डची प्रत शेवटी एकदाच काढते. दर तासाला इकडून तिकडे रूपांतर केलं तर काही ना काही सांडतं. दोघांनी दोन ठिकाणांहून एकाच वेळी एकाच मजकुरात लिहायचं असेल तर नुसता संगणकावर बसवलेला रायटर तुमच्यासाठी नाही. मेन्यूही जुन्या वळणाचे, एकात एक दडलेले. ‘व्ह्यू’मधल्या ‘युजर इंटरफेस’मधून टॅबवाली मांडणी घेता येते, माझ्या भाचीला ती आवडते, मला जमली नाही.

पाचपैकी चार गुण देईन. अर्धा गुण फॉन्टच्या भानगडीचा कापला, अर्धा मेन्यूंचा.

मेन्यूंवर एक उतारा मात्र आहे, जो मला फार उशिरा कळला. शिफ्ट + एस्केप दाबा. शोधायची पट्टी उघडते, तिच्यात हवं ते नाव टाइप करायला लागा, जुळणारे आदेश खाली येतात, एंटर मारला की काम होतं. आवृत्ती ७.२पासून ही सोय आहे. मेन्यू ज्या भाषेत ठेवले असतील त्याच भाषेत शोधावं लागतं, माझे इंग्रजीत आहेत. ‘वॉटरमार्क’ कुठल्या मेन्यूत असतो ते मला आजही विचाराल तर सांगता येणार नाही.