उत्तरेची पाकिटं की दक्षिणेची?

अमेरिकेच्या यादवी युद्धातली (१८६१-६५) चित्रपाकिटं, म्हणजे युद्धाची चित्रं छापलेली टपालाची पाकिटं, जमवायची, तर सुरुवात उत्तरेकडच्यांपासून करावी. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टनच्या छापखान्यांनी ती ढिगानं काढली. कोरी आजही मिळतात. व्यंग मात्र जहाल: डावीकडे फासावर लटकलेला दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, उजवीकडे तीन सेंटचं तिकीट!

दक्षिणेची पाकिटं विनोदात फिकी, बहुतेक झेंडे नि तोफाच. पण झेंड्यावरचे तारे मोजून बघा: सातापासून तेरापर्यंत, फुटून निघालेल्या दक्षिणेच्या संघात एकेक राज्य सामील होत गेलं तसे वाढलेले. पुढे कागदाचाच दुष्काळ पडला, तेव्हा लोकांनी आलेली पाकिटं उलटी करून, भिंतीला लावायच्या कागदाचीसुद्धा पाकिटं करून पत्रं धाडली. पैसे एकापुरतेच असतील, तर मी टपालाचा शिक्का उमटलेलं दक्षिणेचंच घेईन. नकलांपासून मात्र जपा.