व्हीडीआयचा अँटीव्हायरस: डेस्कटॉपच्या आत की होस्टवर?

व्हीडीआय म्हणजे होस्टवर, म्हणजे मोठ्या सर्व्हरवर, चालणारे आभासी डेस्कटॉप. त्यांचा अँटीव्हायरस प्रत्येक डेस्कटॉपच्या आत टाकायचा (हा ‘एजंट’) की बाहेर होस्टवर ठेवायचा (हे ‘एजंटलेस’)? मी ही निवड दोनदा केली आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

पहिल्यांदा एजंटलेस घेतलं, ते सकाळच्या नऊच्या गर्दीमुळे. रात्री रिसेट होऊन मूळ स्थितीत गेलेले तीनशे डेस्कटॉप एकदम डेफिनिशन्स (व्हायरस ओळखायच्या याद्या) ओढायला लागायचे आणि स्टोरेज मान टाकायचं. एजंटलेसमध्ये स्कॅनिंगचं ओझं होस्टवरच्या एका वेगळ्या व्हीएमवर (आभासी मशीनवर) जातं, डेस्कटॉपमध्ये उरतो फक्त एक ड्रायव्हर, फाइल्स तपासणीसाठी तिकडे दाखवणारा. खोटं कशाला बोलू, वेगात त्याला आजही तोड नाही.

पण तो ड्रायव्हर! तो येतो व्हीएमवेअर टूल्समधून, म्हणजे डेस्कटॉपमध्ये टाकायच्या व्हीएमवेअरच्या मदतनीस प्रोग्राम्समधून. ते ‘टिपिकल’ पद्धतीने टाकले की एनएसएक्सचा (व्हीएमवेअरची नेटवर्क-सुरक्षा प्रणाली) हा फाइल इंट्रोस्पेक्शन ड्रायव्हर येतच नाही. ‘कस्टम’मध्ये जाऊन तो निवडावा लागतो. एका शुक्रवारी घाईघाईत गोल्डन इमेज (ज्या मूळ साच्यावरून सगळे डेस्कटॉप बनतात ती) अपडेट करताना मी नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट दाबत गेलो. चूक माझीच. अकरा दिवस सगळे डेस्कटॉप उघडे होते आणि कुणाला पत्ता नाही. एजंटलेसमध्ये स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, ट्रेमध्ये, अँटीव्हायरसचा आयकॉन मुळातच नव्हता, मग तो गेलेला कळणार कसा? अँटीव्हायरसच्या कन्सोलवर (अॅडमिनच्या देखरेखीच्या पडद्यावर) दिसलंही असतं, पण रोज कन्सोल उघडतो कोण? बाराव्या दिवशी ऑडिटच्या तयारीत ‘व्हीसेपफ्लट’ ही त्या ड्रायव्हरची सर्व्हिस तपासली, तर म्हणे अशी सर्व्हिसच नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही.

शिवाय एजंटलेसची नजर मुख्यतः फाइलवर. फाइल न बनवता पॉवरशेलमधून (विंडोजच्या कमांड चालवायच्या साधनातून) थेट मेमरीत चालणारं काही असेल, तर ते सुटण्याची शक्यता जास्त. आणि ‘रिसेट केलं की व्हायरस गेला’ यावर फार विसंबू नका. एफएसलॉजिक्स युजरचं प्रोफाइल (त्याच्या फाइल्स आणि सेटिंग्ज) डेस्कटॉपबाहेर जपून ठेवतं; ते दुसऱ्या दिवशी युजरबरोबर परत येतं, त्यातला स्टार्टअप फोल्डरही, ज्यातलं सगळं लॉगिन होताच आपोआप चालतं.

म्हणून आता एजंट आतच. त्याचेही नखरे आहेत: इमेज सील करण्याआधी एजंटचा आयडी पुसला नाही, तर कन्सोलवर सगळे क्लोन (त्या इमेजवरून बनलेले डेस्कटॉप) एकच मशीन म्हणून दिसू शकतात. डेफिनिशन्सची गर्दी मात्र बरीच आवरता येते. डिफेंडर (विंडोजचाच अँटीव्हायरस) वापरत असाल तर विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून त्या नेटवर्कवरच्या एका सामायिक फोल्डरवर उलगडून ठेवता येतात, मग प्रत्येक डेस्कटॉपला ते काम पुन्हा करावं लागत नाही.

होस्टवर रॅमची फारच ओढाताण असेल, तर एजंटलेस घ्या, मी वाईट म्हणणार नाही. आमच्याकडे लॉगिनला आता थोडा जास्त वेळ लागतो, तक्रारी येतात. मी एवढंच विचारतो, ‘खाली कोपऱ्यात ती ढाल दिसतेय ना?’